बावीस बाटल्या

आमच्या केंद्रात आरोग्य आणि नीती या दोन्ही विषयांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस एकच होता, आणि तो मी. ही फुशारकी नाही. विद्यापीठाच्या गोल शिक्क्याचा तसा दाखलाच माझ्याकडं होता.

साल शहाऐंशी. विद्यापीठानं त्या वर्षी 'कर्मचारी विकास' नावाचं नवीन खातं काढलं आणि प्रत्येक केंद्रातून एकेक माणूस पाच दिवसांसाठी मुख्यालयाला बोलावला. मुरुमपासून पाच-सहा मैलांवर, उघड्या माळावर, आमचं कोरडवाहू शेतीचं केंद्र होतं. प्रमुख गुरुसिद्धप्पा साहेब, हेडक्लार्क मी विरुपाक्ष, शिपाई गुलाब, आणि बाकी सगळी शेतावर राबणारी माणसं. साहेबांना मुख्यालयाचं जेवण सोसत नसे, म्हणून मी गेलो.

पाच दिवसांत मी पुष्कळ शिकलो. खुर्चीत कणा ताठ ठेवून कसं बसावं, कामामुळं कोणकोणते रोग होतात, आणि कार्यालयात प्रामाणिकपणा का हवा. परत आलो तो भारलेला. इतर केंद्रांना सगळ्यांची आरोग्य तपासणी करायला वर्ष लागेल, आपण पंधरा दिवसांत करून दाखवू, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, जरूर करा, पण त्या दिवशी मला उस्मानाबादला मीटिंग आहे. दिवस कुठला ते मी अजून सांगितलंच नव्हतं.

उमरग्याचे डॉक्टर आबाराव माझ्या ओळखीचे. ते यायला तयार झाले. वजन, डोळे, छाती आणि लघवी एवढं तपासू म्हणाले. लघवीसाठी बाटल्या मात्र तुम्ही बघा. मी शेजारच्या गावच्या सहकारी दूध सोसायटीत गेलो. तिथले सेक्रेटरी बलभीम यांच्याकडं दुधाचे नमुने घ्यायच्या छोट्या, नंबर घातलेल्या बाटल्या होत्या. बावीस बाटल्या द्या, संध्याकाळच्या दुधाच्या आत परत करतो, असं मी सांगितलं. कशाला हव्यात ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्रशिक्षणात खोटं बोलू नका असं शिकवलं होतं. सगळंच सांगा असं काही शिकवलं नव्हतं.

आदल्या दिवशी मी सगळ्यांना लिंबाखाली बसवून भाषण केलं. नमुना म्हणजे माणसाची सही. दुसऱ्याची सही ठोकणं हा जसा गुन्हा, तसाच दुसऱ्याचा नमुना देणं हाही. हे वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं की टाईप करून, खाली सही करून, मी ते गोदामाच्या दारावर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, व्हरांड्यात टेबल मांडलं, स्टो पेटवला आणि म्हणाले, करा सुरुवात. अधिकाऱ्यानं आधी स्वतः करून दाखवावं, असा प्रशिक्षणातला पहिलाच धडा होता. एक नंबरची बाटली घेऊन मी सगळ्यांच्या देखत, कणा ताठ ठेवून, गोदामामागच्या कडब्याच्या खोपीत गेलो.

आता त्या वर्षीचा दुष्काळ तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. केंद्राची विहीर संक्रांतीलाच तळाला गेली होती. एक दिवसाआड यायचा तो टँकर तीन दिवस फिरकला नव्हता. माणशी दिवसाला तांब्याभर पाणी. सकाळपासून माझ्या पोटात अर्धा कप चहा गेला होता आणि तोही घामावाटे निघून गेलेला. खोपीत मी पाच मिनिटं उभा राहिलो, दहा मिनिटं उभा राहिलो. बाहेर माणसं ताटकळलेली. डॉक्टर घड्याळ बघत असणार. जितका मी मनाशी जोर लावावा तितकं सगळं आणखीच आटत चाललं.

खोपीला लागूनच बैलांचा गोठा होता आणि तिथं आमचा बब्रुवान होता. बब्रुवान म्हणजे केंद्रातला सगळ्यात दणकट गडी. वय पन्नाशीच्या पुढं, पण बैलानं लाथ मारली तर बैलच लंगडेल असा. संशोधनाचे बैल सरकारी असल्यानं त्यांच्या हौदात मात्र पाणी असे, आणि बब्रुवान त्यांच्याबरोबरीनं पीत असे. बादली तोंडाला लावली की रिकामी करूनच खाली ठेवणार. त्याचं आम्हाला कौतुकच होतं.

कुडाच्या फटीतून त्यानं माझी अवस्था बघितली असावी.

"सायेब, द्या हिकडं," तो हळूच म्हणाला. "पेनात शाई भरल्यावानी भरून देतो. कुनाला सांगायचं न्हाय."

मी क्षणभर विचार केला. नंतर मी असं बऱ्याच जणांना सांगितलं. खरं म्हणजे विचार केलाच नाही. बाटली फटीतून दिली, ती भरून परत आली आणि मी बाहेर येऊन ती रुबाबात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मग एकेक जण जाऊ लागला. बायकांत आधी शेतावरची धुरपदाबाई गेली, मग दगडाबाई आणि बाकीच्या. दीड-दोन तासांत बावीसच्या बावीस बाटल्या टेबलावर आल्या, आणि आपली माणसं किती शिस्तीची आहेत, असं वाटून मला भरून आलं.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, माझ्या बाटलीतले थेंब टाकले आणि नळी स्टोवर धरली. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं. डॉक्टरांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. साखर आहे, म्हणाले, आणि भरपूर आहे. मग दुसरी नळी. तीही विटकरी. तिसरी, चौथी, दहावी. शेवटी टेबलावर नवीन भिंत बांधायला घेतल्यासारखी बावीस नळ्यांची रांग लागली. डॉक्टर आबारावांना घाम फुटला. एकाच ठिकाणच्या बावीस माणसांना मधुमेह हे त्यांनी ना पाहिलं होतं ना वाचलं होतं. पाणी तरी दूषित असावं, नाहीतर गोदामातल्या कीटकनाशकाच्या पावडरीचा हा परिणाम असावा, असं म्हणून त्यांनी तिथंच विद्यापीठाला अहवाल लिहिला.

माझी बाटली खोटी आहे हे मला माहीत होतं. पण बाकीच्या एकवीस जणांना खरोखरच हा रोग झालाय, अशी माझी समजूत होती. बिचारी माणसं. मी प्रत्येकाला जवळ बोलावून धीर दिला. तेही मला धीर देत होते. गुलाब तर माझ्याकडं बघून डोळे पुसायचा आणि माझी खुर्ची सावलीत सरकवायचा. धुरपदाबाई दगडाबाईसाठी मेथीची भाजी आणायची, दगडाबाई धुरपदाबाईच्या डोक्यावरचं ओझं स्वतः उचलायची. केंद्रात इतका जिव्हाळा मी नोकरीच्या अठरा वर्षांत बघितला नव्हता. साहेबांनी चहातली साखर बंद केली. ते एकटेच तपासणीला नव्हते, त्यामुळं त्यांना रोज सकाळी आपणही आजारी आहोत असं वाटायचं.

दोनच दिवसांत ही बातमी गावात गेली. गडबडीत बाटल्या परत करायच्या राहूनच गेल्या होत्या. बलभीम सायकलवरून आले आणि बाटल्या कशाला नेल्या होत्या ते त्यांनी आता विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी बाटल्या परत घेतल्या नाहीत, आणि पुढं महिनाभर माझ्या घरचं दूधही घेतलं नाही. दगडाबाईच्या मुलीचं वाशीच्या घरी जमलं होतं. त्या पाहुण्यांचा निरोप आला की आईला रोग असेल तर आम्हाला विचार करावा लागेल.

आणि मग विद्यापीठाचं पत्र आलं. मंगळवारी चौकशी समिती येईल. रोगाचं कारण सापडेपर्यंत केंद्र बंद ठेवावं आणि रोजंदारीवरच्या माणसांना कामावर घेऊ नये.

पत्र मी लिंबाखाली सगळ्यांना वाचून दाखवलं. रोजंदारीवरची सतरा माणसं होती. त्या साली माळावर दुसरं काम कुठंच नव्हतं. दगडाबाई पदराचं टोक दातात धरून नुसती बसून राहिली. त्या रात्री अंथरुणावर पडलो. निदान बावीसच्या जागी एकवीस झाले तरी समिती ऐकेल, आपण आपली बाटली कबूल करावी, असं मनात येई. मग गोदामाच्या दारावरचा तो टाईप केलेला कागद आणि खालची माझी सही डोळ्यांसमोर येई आणि मी कूस बदलत असे.

मंगळवारी जीप आली. समितीच्या प्रमुख एक बाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी सुती साडी आणि बोलणं मोजकं. त्यांनी आधी गोदाम बघितलं. दारावरचा कागद पूर्ण वाचला आणि, कुणी लिहिलं हे, असं विचारलं. मी म्हणालो, म्या. घाबरलो की माझ्या तोंडी गावाकडचं येतं. चांगलं लिहिलंय, बाई म्हणाल्या, आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मग त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. जुने नमुने कशाचे होते मला ठाऊक नाही, नवीन हवेत, आत्ता हवेत, एकेकानं न्हाणीत जायचं आणि दाराशी माझा माणूस उभा राहील, असं त्यांनी सांगितलं. बाटल्या मांडल्या गेल्या. कुणी जागचं हललं नाही. एकमेकांकडं बघायची कुणाची टाप नव्हती. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो.

तेवढ्यात मागच्या बाजूनं बब्रुवान धोतराला हात पुसत पुढं आला.

"बाईसाहेब," तो अदबीनं म्हणाला, "आज बी बावीसच भरायच्या का? मंग जरा पानी पिऊन येतो."

धुरपदाबाई दगडाबाईकडं वळली आणि तिनं विचारलं, "म्हंजी, तुझी बी?" दगडाबाईनं मान हलवली आणि गुलाबकडं बघितलं. गुलाबनं माझ्याकडं बघितलं. आधी दगडाबाईला हसू फुटलं, मग ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी माणसं गदगदून हसायला लागली. रोग नाही, केंद्र बंद नाही, मुलीचं लग्न मोडत नाही. दगडाबाई हसता हसता रडायलाच लागली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुमची कितव्या नंबरची?"

मी पुन्हा अंगठ्यानं माती उकरू लागलो. बब्रुवानाला माझी कीव आली असावी.

"सायबांची तर म्या पयलीच भरली," तो म्हणाला. "लई घाम फुटला व्हता त्यांना."

बाईंनी माझा प्रशिक्षणाचा दाखला बघायला मागितला. मी दिला. तो त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि परत काही दिला नाही. मग त्यांनी बब्रुवानाला खुर्चीवर बसवलं, त्याच्या पायाची न भरलेली जखम बघितली, दिवसाला किती पाणी पितोस ते विचारलं, आणि स्वतःच्या जीपमधून त्याला उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. साखर इतकी होती की अजून एक-दोन महिने गेले असते तर पाय ठेवता आला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. थोडा उतरलेला, पण दोन पायांवर. त्याच दिवशी त्याची बायको मथुराबाई माझ्या घरी आली. हातात नारळ आणि फेटा. मी नको नको म्हणत होतो. ती ऐकेना.

"एकदा तपासून डागदर चुकला असता, सायेब," ती म्हणाली. "तुमी बावीस येळा तपासायला लावलं, म्हून मालक वाचले."

मी तिला खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तोवर तिनं फेटा माझ्या डोक्यावर ठेवला होता आणि दारात शेजारीपाजारी जमले होते.

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, हा मान कशाबद्दल?

नीतीबद्दल, मी म्हणालो, आणि नारळ फोडायला मागच्या दारी गेलो.