पणजोबा आले की सहा

जेवणाची वेळ साडेसातची आणि ताट वाढले जायचे सात चाळीसला. निवृत्त स्टोअरकीपरने हा दहा मिनिटांचा फरक छत्तीस वर्षे सोसला होता. पण नोंद केल्याशिवाय नव्हे. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तो रोज पेन्सिलीने आकडा टाकी. जेवण दहा, दवाखान्यात जाताना पंधरा, भाचीच्या लग्नाला निघताना पस्तीस. महिनाअखेर बेरीज. त्याच कॅलेंडरच्या पुढच्या बाजूवर बायको दूधवाल्याचे खाडे लिही. एकाच कागदाच्या दोन बाजूंनी दोघांचा संसार सुरळीत चालला होता.

"घड्याळवाल्यांच्या घरात आलीयस तू," तो तिला अधूनमधून सांगे. "आमच्यात वेळ म्हणजे वेळ."

हे घड्याळवाले प्रकरण पणजोबांपासूनचे. गावातल्या मनोऱ्याचे घड्याळ बसले तेव्हा त्याला चावी द्यायला पहिला माणूस नेमला गेला तो पणजोबा. लोकांची झोप मोडू नये म्हणून घड्याळ रात्री बंद ठेवायचे आणि पहाटे सहाला चालू करायचे, असा नियम होता. स्टोअरकीपरची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ती आजीकडून ऐकलेली गोष्ट अजून हातवारे करून सांगे. पणजोबांनी मनोऱ्याच्या वरच्या पायरीवर पाय ठेवला की सहाचा पहिला टोला पडायचाच. तीस वर्षांत एकदाही चूक नाही. आजीने हे समोरच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. या गोष्टीवर घराण्याच्या तीन पिढ्या वेळेवर शाळेत गेल्या आणि चार सुना रडल्या.

यंदा घड्याळाला शंभर वर्षे होत होती. नगर कार्यालयाने मनोऱ्याला पाटी बसवायचे ठरवले. वारसांनी पहिल्या चावीवाल्याची कागदपत्रे सोमवारी सकाळी अकराच्या आत दिली, तर पाटीवर त्याचे नाव कोरायचे. नाही दिली, तर नुसतेच 'पहिला चावीवाला' म्हणून मोकळे व्हायचे. दुपारी बाराला पाथरवट कामाला लागणार होता.

नुसताच चावीवाला! स्टोअरकीपर त्याच दिवशी कार्यालयाच्या तळघरातल्या रेकॉर्डखोलीत हजर झाला. तिथला कारकून टेबलावर पाय न ठेवता पाय ठेवल्यासारखा बसे. आठवडाभर शोधून त्याने एक फाईल काढली, तिच्यावरची धूळ स्टोअरकीपरच्या दिशेने झटकली आणि विचारले, "नुसती हजेरी हवी की सगळी फाईल?"

"सगळी. अर्धवट माल मी आयुष्यात उचललेला नाही."

"आधी वाचून तर बघा."

"वाचायचं काय त्यात? मोजून घेतो."

आणि त्याने खरोखर मोजून घेतली. त्रेचाळीस पाने. प्रत्येकावर शिक्का आहे का, सही आहे का, क्रमांक सलग आहेत का, सगळे तपासले. बत्तीस वर्षे त्याने गोदामात असाच माल घेतला होता. पेटी फोडून आत काय आहे ते बघणे हे स्टोअरचे काम नव्हे, ते वापरणाऱ्याचे काम. पहिली दोन-चार पाने मात्र मोह होऊन त्याने वाचली. दर वर्षाचे एक पान. हजर दिवस इतके, येण्याची वेळ सहा, उशिराचे दिवस शून्य. दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी शून्य. ती शून्ये बघून त्याचे डोळे भरून आले. कारकून म्हणाला, पुढची पण बघा, शेवटी शेवटी जास्त रंगत आहे. पण स्टोअरकीपरचा ऊर इतका भरला होता, की त्यात आणखी रंगतीला जागा नव्हती.

शिक्क्याचा मूळ संच कार्यालयासाठी ठेवून त्याने बारा छायाप्रती काढल्या. एक घरात, अकरा नातेवाइकांत. रविवारी पायपीट करून त्याने त्या अकरा घरी पोचवल्या आणि प्रत्येक ठिकाणी पोचवहीवर सही घेतली. अकरापैकी सात घरे तिसऱ्या मजल्यावर होती. संध्याकाळी परतला तेव्हा त्याचा उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता.

म्हणजे सोमवारी कार्यालयात जाणार कोण, तर बायको.

त्याने तिला नऊला तयार व्हायला सांगितले, म्हणजे साडेनऊला तरी होईल, असा त्याचा हिशेब. पाकीट हातात दिले, वर 'पाने त्रेचाळीस' असे लिहिलेले. खिडकी कोणती, पोच कशी घ्यायची, सगळे दोनदा सांगितले. "घराण्याचा प्रश्न आहे. आजच्या दिवस तरी वेळेवर पोच," तो म्हणाला. ती पावणेदहाला निघाली. जाताना एवढेच म्हणाली, की काल तुम्ही जिने चढत होतात तेव्हा घरातली प्रत मी चाळली, छान आहे. त्याने कॅलेंडरवर पंचेचाळीस लिहिले आणि पाय उशीवर ठेवून पडला.

दहा चाळीसला अक्काचा फोन आला. तिला आधी बोलताच येईना. स्टोअरकीपर घाबरला, पण मग लक्षात आले, की ती हसत होती.

"तू एकतिसाव्या पानाच्या पुढं वाचलंस का रे?"

"का? काय आहे?"

"वाच तू. मी भिंग शोधून परत वाचणार आहे."

त्याने घरातली प्रत ओढली. तीस पाने शून्यांची. एकतिसावे पान तक्रारीचे: कापडगिरणीचा मॅनेजर लिहीत होता, की कामगार मनोऱ्याच्या घड्याळाप्रमाणे येतात आणि रोज वीस-पंचवीस मिनिटे उशीर होतो. बत्तीस, मुख्याध्यापक. तेहतीस, स्टेशनमास्तर, त्याच्या मते पहाटेच्या गाडीला अलीकडे फक्त बहिरे लोक वेळेवर पोचत. चौतिसाव्या पानावर पणजोबांचा जबाब होता. 'रात्री घड्याळ बंद असते. बंद घड्याळात किती वाजले हे मला कोण सांगणार? मी येतो, काटे सहावर ठेवतो व घड्याळ चालू करतो. सबब मी आलो की सहा वाजतात. उशिरा आलो असे आजवर घडलेले नाही.'

त्यापुढे नऊ पाने चौकशी, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी साहेबाचा शेरा. 'तक्रार फक्त स्वतःचे घड्याळ असलेल्या तिघांची आहे. बाकी गावाला सवय झाली आहे. घड्याळ बरोबर करायचे तर सर्वांना पंचवीस मिनिटे लवकर उठावे लागेल. फाईल बंद.'

स्टोअरकीपरने पोचवही उघडली. अकरा प्रती अकरा घरी गेल्या होत्या आणि त्या परत मागायची सोय नव्हती. सही घेऊन दिलेला माल परत येत नाही, हे त्यानेच सगळ्यांना शिकवले होते. निदान बायकोबरोबर गेलेला मूळ संच तरी थांबवायला हवा. कार्यालयाने हे वाचले तर पाटीवर नाव राहिले बाजूला, गावभर हसे व्हायचे. त्याने रिक्षा बोलावली आणि गुडघ्याला शिव्या देत कार्यालय गाठले.

खिडकीवरच्या भिंतीवर घड्याळ होते. अकरा दहा. खिडकीत तोच रेकॉर्डखोलीतला कारकून बसला होता.

"पाकीट आलं का?"

"नाही बुवा. तुमच्याकडून कुणीच आलं नाही."

स्टोअरकीपरने एक सुस्कारा सोडला आणि दुसरा सोडता सोडता गिळला. पाकीट आले नाही, म्हणजे अब्रू वाचली. पाकीट आले नाही, म्हणजे नाव गेले. पणजोबा 'पहिला चावीवाला' झाले. बाकावर बसून तो घड्याळ बघत राहिला. उशिरा येणाऱ्या बायकोची वाट त्याने जन्मभर पाहिली होती. पण ती यावी की येऊ नये, हेच कळत नाही असे पहिल्यांदाच होत होते.

अकरा पंचवीसला ती आली. वाटेत शिंप्याकडे उसवलेला ब्लाउज टाकला होता, तिथे जरा बोलत बसले, असे तिने नेहमीच्या शांतपणे सांगितले. नवऱ्याला बघून तिला आश्चर्य वाटले नाही.

"पाकीट दे इकडं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शेवटची तेरा पानं काढायचीत."

"वरती त्रेचाळीस लिहिलंय तुम्हीच. माल कमी भरेल."

 बत्तीस वर्षांत स्टोअरकीपरने एकदाही कमी माल दिला नव्हता. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. तिने ते खिडकीतून आत सरकवले.

कारकुनाने वर घड्याळाकडे पाहिले. "वहिनी, मुदत अकराची होती. वेळ टाकावी लागते मला. पाथरवट बाराला येतोय, काम अडणार नाही. पण नियम म्हणजे नियम."

"मग अकराच टाका," बायको म्हणाली.

"अकरा कसे? पंचवीस झालेत."

"ते तुमच्या घड्याळात. आमच्या घराण्यात माणूस आला की वाजतात. चौतिसावं पान बघा. तुमच्याच कार्यालयाने मान्य केलंय ते, शेवटच्या पानावर शेरा आहे."

 कारकुनाचे खांदे हसण्याने हलू लागले. त्याने पाकीट उघडले, पाने वाचली नाहीत, फक्त मोजली. त्रेचाळीस. आवकवही ओढून त्याने नावापुढे ठळक अक्षरात लिहिले: ११-००. धाडकन शिक्का मारला आणि पोच खिडकीतून बाहेर सरकवली, ती बायकोकडे नव्हे, स्टोअरकीपरकडे.

"तपासून घ्या."

स्टोअरकीपरने पोच तपासली. क्रमांक होता, सही होती, शिक्का होता, वेळ होती. शिक्क्याच्या कागदाला खोटे म्हणणे त्याच्या स्वभावात नव्हते. पायऱ्या उतरताना बायकोने त्याला आधाराला खांदा दिला. मनोऱ्याच्या पायथ्याशी पाथरवट छिन्नी परजत बसला होता. पणजोबांचे नाव दुपारी दगडात जाणार होते.

तिथे थांबून स्टोअरकीपरने मनगटावरचे घड्याळ बघितले, हातातली पोच बघितली, पुन्हा घड्याळ बघितले. मग चावी ओढून त्याने काटे पंचवीस मिनिटे मागे घेतले.