एकसष्टावी चिठ्ठी

रहस्यपट पाहताना खुनी कोण हे मध्यंतरापर्यंत नेमक्या किती लोकांना कळतं, ते आजवर आमच्या ओळखीत कोणी मोजलेलं नाही. "मला पहिल्यापासून वाटलंच होतं" असं म्हणणारे घरोघरी असतात, पण ते सिनेमा संपल्यावर. संपायच्या आधी लिहून द्या म्हटलं की त्यांना पेन सापडत नाही. म्हणून हे मोजायचं मी ठरवलं. आणि मी एकदा मोजायला बसले की चूक होत नाही. अठरा वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आहे. गाव जे पाणी पितं, ते आधी मी पिते.

जागा होती आमच्या वाचनालयाचा वरचा हॉल. तिथे महिन्यातून एका रविवारी दुपारी आमचं चित्रपट मंडळ भरतं. मी त्याची सचिव, आणि प्रोजेक्टर माझा नवरा चालवतो. मंडळाची तब्येत तेव्हा बरी नव्हती. मागच्या खेळाला एकोणीस जण आले, त्यातले अकरा मध्यंतरात चहाला गेले ते गेलेच. ग्रंथपालबाईंनी मला टेबलासमोर बसवून सांगितलं होतं, "या रविवारी मध्यंतरानंतर मी स्वतः डोकी मोजणार. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर सोमवारपासून हॉलमध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या रॅक. मिस्त्रींना मापं घ्यायला रविवारीच बोलावलंय."

म्हणून मी फळ्यावर लिहिलं : 'मध्ययुगातला खून. खुनी तुम्ही ओळखा. मध्यंतरात चिठ्ठी द्या.'

सिनेमा प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने दिला होता. परदेशी होता, खाली मराठी अक्षरं येत होती. दोन डिस्क होत्या. देताना तो म्हणाला, "दुसऱ्या डिस्ककडे बघू नका. तिच्यावर खुन्याचं चित्र छापलंय, गळ्यात दोर घातलेलं."

आता आली का पंचाईत? मी न बघणं सोपं आहे. पण माझ्या नवऱ्याचा चेहरा म्हणजे काचेचं भांडं, आत काय आहे ते बाहेरून दिसतं. त्याला शेवट माहीत असला की खुनी पडद्यावर आल्या आल्या तो प्रोजेक्टरमागे सुस्कारा सोडतो. मागच्या दोन रांगांना त्या सुस्काऱ्यावरून सगळं कळतं.

आमच्याकडे पाण्याची चव घेताना एक पद्धत असते. बाटल्यांवर एक-दोन असे आकडे घालत नाहीत, कारण एक नंबरचं पाणी लोकांना उगाच गोड लागतं. तीन आकडी, काहीच अर्थ नसलेले नंबर घालतात, आणि कुठला नंबर कशाचा हे फक्त एकाच माणसाला ठाऊक असतं. मी तेच केलं. डिस्कवरचं चित्र झाकेल एवढी कोरी लेबलं आणली आणि डिस्क सासूबाईंच्या हातात दिल्या. सासूबाईंनी चाळीस वर्षं शाळेत परीक्षेचं काम पाहिलंय. त्यांच्या हातून पेपर कधी फुटला नाही.

"आई, एका डिस्कवर ४१७ चिकटवा, एकीवर ८६२. पहिली कुठली ते कागदावर लिहा आणि पाकीट बंद करा. कोणाला सांगायचं नाही. मलाही नाही. याला तर नाहीच नाही."

"आणि तू विचारलंस तर?"

"विचारलं तरी नाही."

"रडून विचारलंस तर?"

"आई."

"नियम नीट समजून घेतलेला बरा," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

रविवारी एकसष्ट माणसं आली. मी दोनदा मोजली. सासूबाई पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसल्या. दाराशी ग्रंथपालबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी कानावर पेन्सिल, हातात टेप घेतलेले मिस्त्री.

दिवे गेले. पडद्यावर पाऊस. चार माणसं एक शवपेटी उचलताहेत. नाव नाही, गाव नाही, कोण मेलं तेही नाही.

"एकदम मधूनच?" दातांचे डॉक्टर कुजबुजले.

"आजकाल असंच असतं," इतिहासाचे मास्तर म्हणाले. "प्रस्तावना करत नाहीत."

मलाही ते धाडसी वाटलं. तटबंदीचं एक गाव, तिथे प्रचंड घंटा ओतली गेलेली. औषधं कुटणारी एक म्हातारी प्रत्येकाला खोदून खोदून प्रश्न विचारतेय, आणि पडद्यावरचे सगळे तिला जुनी ओळख असल्यासारखी उत्तरं देताहेत. आम्हाला कोणीच ओळखीचं नव्हतं. लग्नाला चुकीच्या हॉलमध्ये शिरल्यासारखे आम्ही एकसष्ट जण सभ्यपणे बसून राहिलो. मग तासाभराने घंटा ओतणारा कारागीर त्या म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "घंटेला तडा होता. त्या तिघांनी तो पाहिला होता. मी मारलं त्यांना." त्याला फाशी झाली. घंटा वाजली, फुटक्या पातेल्यासारखी. आणि पडद्यावर नावं सरकू लागली. नटांची, शिंप्यांची, घोडे सांभाळणाऱ्यांची.

दिवे लागले. मी बरणी फिरवून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि कोपऱ्यात उभी राहून उघडू लागले. घंटावाला. घंटावाला. घंटावाला. साठ चिठ्ठ्या उघडल्या, साठही बरोबर. कुठल्याही चाचणीत शंभर टक्के निकाल आला की मी आधी उपकरण तपासते. एकसष्टावी चिठ्ठी तशीच खिशात टाकून मी प्रोजेक्टरकडे धावले.

"पहिली कुठली लावलीस?"

"४१७."

"का?"

"लहान आकडा आधी येतो ना," नवरा म्हणाला. "तुझंच शास्त्र."

"आणि पाकीट? आईंनी पाकीट दिलं नाही तुला?"

"आईने गोळी दिली खोकल्याची. कसलं पाकीट?"

म्हणजे दुसरी डिस्क आधी लागली होती. सांगायलाच हवं होतं. मी पुढे गेले, घसा साफ केला. "माफ करा, एक मोठी चूक झाली आहे—"

"चूक?" मास्तर उठून उभेच राहिले. "बाई, याला चूक म्हणायचं? खुनी सांगून टाकला आणि मेलेले तिघे कोण तेच दाखवलं नाही! आता ते कोण हे कळल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"एक गवंडी असणार," डॉक्टर म्हणाले. "त्या विधवेच्या हाताला चुना होता."

"नावं मध्येच दाखवली ते फार आवडलं," मागून एक बाई म्हणाल्या. "नाहीतर शेवटी कोण थांबतं वाचायला?"

ग्रंथपालबाई माझ्याकडे पाहत होत्या. चहाला कोणीही गेलं नव्हतं. मी नवऱ्याला खूण केली.

दुसऱ्या भागात, म्हणजे पहिल्या, आधी सिनेमाचं नाव आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ज्याला आम्ही तासापूर्वी फासावर चढवलं होतं, तो कारागीर हसत हसत आला आणि गवंड्याबरोबर अर्धी अर्धी भाकरी खाऊ लागला. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर सगळ्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं असतं. खुनी कोण हे आता कोणी शोधत नव्हतं. सगळे त्याचे हात बघत होते. इतका बरा माणूस नेमक्या कुठल्या घासाला फिरतो, हे एकसष्ट जण डोळ्यांत तेल घालून शोधत होते. मीसुद्धा. अठरा वर्षांत मी कुठल्या नमुन्याकडे इतक्या कुतूहलाने पाहिलं नसेल.

"अहो, नका जाऊ त्याच्याबरोबर," मघाच्या बाई गवंड्याला म्हणाल्या.

"शिडी बघा," दाराशी उभे असलेले मिस्त्री पुढे येऊन मोकळ्या खुर्चीत बसले. "तिसरी पायरी. करवतीने अर्धी कापलीय. ताजा काप पांढरा दिसतो."

सगळ्यांनी तिसरी पायरी पाहिली. गवंडी पहिलीवर चढला. दुसरीवर चढला. दातांच्या डॉक्टरांनी स्वतःचे दात घट्ट आवळल्याचा आवाज मी ऐकला.

शेवटी शवपेटीला खिळे ठोकताना पाऊस सुरू झाला आणि पडदा काळा झाला. "वर्तुळ पूर्ण," मास्तर हळूच म्हणाले. एकसष्ट माणसं जागची उठेनात.

मी सरळ ग्रंथपालबाईंकडे गेले. खोटा निकाल मला सही करून देता येत नाही. "डिस्क उलट लागल्या. हा सिनेमा असा नाहीये."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी हा सुलट दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा झोपले." मग मिस्त्रींकडे वळल्या. "मापं घेतली?"

टेपची गुंडाळी उघडलीच नव्हती. मिस्त्रींनी हॉलकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "रॅक जिन्याखाली बसतील बाई. इथे ओल येते." थोडं थांबून मला विचारलं, "पुढचा कधी?"

घरी येऊन मी खिशातली एकसष्टावी चिठ्ठी उघडली. ओळखीचं, परीक्षेच्या पेपरवर असतं तसं ठसठशीत अक्षर होतं.

'खुनी कोण ते डिस्कवर आधीच पाहिलं, म्हणून लिहीत नाही. ८६२ आधी लावायला हवी होती. पाकीट पर्समध्ये आहे. कोणाला सांगायचं नाही एवढंच कळवलं होतं, कोणाला द्यायचं ते कळवलेलं नाही.'

मी माझी टिपणवही काढून पद्धत पुन्हा वाचली. सात कलमं होती. खरंच नव्हतं.

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वाचलीस का? डिस्क उलट लागलीय हे मी पहिल्या मिनिटालाच ओळखलं होतं. पण तू विचारलं तरी सांगू नका म्हणालीस. आणि तू तर विचारलंही नाहीस."