सतरा यानं आणि एक कपाट

"रोज सतरा सतरा यानं उतरवणाऱ्याला एक कपाट तीन मजले उतरवता येणार नाही होय? मला फोनवर विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही," असं बायकोला बजावून मऊभाऊ कामावर आले होते.

मऊभाऊ हे त्यांचं यानतळावरचं नाव. ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानांना खाली यायची वाट ते सांगत, पण इतक्या मऊ आवाजात, की कप्तान लोक त्यांना काडीचीही किंमत देत नसत. 'आवाजात जरब नाही,' असा शेरा तळाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी दोनदा मारला होता. आज शेवटची तपासणी. आज जमलं नाही, तर रवानगी सामानाला चिठ्ठ्या चिकटवायच्या खात्यात.

बाई यायला अवकाश होता. सतरा यानं वर रांगेत गुमान फिरत होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला. कपाट जिन्याच्या वळणावर मेहुण्याच्या पोटाला टेकून अडलं होतं.

मऊभाऊंना चेव आला. खुर्चीत सरसावून बसले, आणि बसताना पाय टेबलाखालच्या पट्टीवर पडला. ती पट्टी दाबली की इथला आवाज थेट सगळ्या यानांत जातो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आधी तिरकं करा," ते म्हणाले. "अजून. आता पुरतं उलटं करा. पाय वर, डोकं खाली. विचार कसला करताय? मी सांगतोय ना!"

मग त्यांची नजर समोरच्या पडद्यावर गेली आणि हातातला फोन गळून पडला. सतराच्या सतरा यानं पाय वर करून उलटी लटकत होती.

"उलटे झालो, साहेब," प्रवासी यानाचा कप्तान बोलला. एरवी हा माणूस उत्तरसुद्धा देत नसे. "तीनशे प्रवासी पट्ट्यांना लोंबकळतायत. पुढचा हुकूम?"

मऊभाऊंना टेबलाखालच्या पट्टीवर पडलेला आपला पाय दिसला. "सरळ व्हा," ते कसेबसे म्हणाले. "सगळे सरळ व्हा आणि एकेक करून खाली या."

सतराही यानं शहाण्यासारखी उतरली. मऊभाऊंनी घाम पुसत मागे पाहिलं, तर दारात मोठ्या बाई. चेहरा पांढराफटक. सगळं ऐकलं होतं त्यांनी. संपलंच आता, असं मऊभाऊंना वाटलं.

"सतरा कप्तान," बाई हळूच म्हणाल्या, "आणि एकानेही 'का' म्हणून विचारलं नाही. वीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं." त्यांनी वहीत 'जरब आहे, जरा जास्तच आहे' असं लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.

फोन अजून चालूच होता. मऊभाऊंनी तो उचलला आणि छाती पुढे काढून भारदस्त आवाजात विचारलं, "कपाटाचं काय झालं?"

"ते होय? ते केव्हाच खाली आलं," बायको म्हणाली. "तुम्ही काहीतरी सांगत होतात खरं, पण तुमचं इथे कोण ऐकतंय?"