पाणी फाटल्यास दंड

एका जंगलात झाडांपेक्षा कॉलेजं जास्त झाली होती. त्यातल्या एका कॉलेजात, बाळांनो, वेबसाइट बनवायला शिकवत. फळं गोळा करण्यात आता करिअर राहिलेलं नाही, असं सगळ्यांच्या आईवडिलांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यामुळे वर्गात शेपूट ठेवायलाही जागा नसे.

शेवटच्या वर्षाला दोघादोघांनी मिळून प्रोजेक्ट करायचा असे. प्रोजेक्ट म्हणजे एक वेबसाइट आणि तिच्यावर एक रिपोर्ट. वेबसाइट चालली नाही तरी चाले. रिपोर्ट मात्र काळ्या कव्हराचा, सोनेरी अक्षरांचा आणि जाडजूड लागे.

त्या वर्गात केशर नावाची खार होती. चुळबुळी, कामसू आणि तोंडावर खरं बोलणारी. तिची जोडी लागली भालचंद्र नावाच्या उदमांजराशी. त्याला सगळे भाल्या म्हणत. भाल्या दिवसभर फांदीवर लोळायचा, पण मनाने चांगला होता.

"भाल्या, आपण कशावर वेबसाइट करायची?" केशरने विचारलं.

"गेल्या वर्षीच्यांनी कशावर केली?"

"ग्रंथालयावर."

"आणि त्यांच्या आधीच्यांनी?"

"तीही ग्रंथालयावरच."

"मग आपणही ग्रंथालय!"

"अरे, पण आपल्या जंगलात ग्रंथालयच नाहीये!"

"म्हणून तर कुणी तक्रार करत नाही," भाल्या म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

केशरला हे पटलं नाही. त्याच आठवड्यात तिच्या झाडाखाली राहणारी चितळीण पाणवठ्यावर गेली होती, ती परत आलीच नाही. पाणवठ्याकाठच्या गवतात वाघ दबा धरून बसतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तो नेमका कधी बसतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. केशरने ठरवलं, वेबसाइट करायची ती यावरच.

तिने पाणवठ्यावरच्या टिटवीला एक मोबाइल दिला. वाघ दिसला की टिटवीने बटण दाबायचं. लगेच वेबसाइटवर लाल ठिपका. वाघ उठून गेला की पुन्हा बटण. हिरवा ठिपका. संपली वेबसाइट! नोंदणी नाही, पासवर्ड नाही, "आमच्याविषयी" नाही.

आणि काय सांगू बाळांनो, ती चालली! सांबरं ठिपका बघून पाण्यावर जाऊ लागली. रानडुकरं ठिपका बघून चिखलात लोळू लागली. माकडं तर उगाचच बघत, त्यांना सवयच लागली. इकडे वाघोबा गवतात बसून बसून कंटाळले. समोरून चिटपाखरू जाईना. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या आणि पट्टे सैल झाले.

मग केशरने रिपोर्ट लिहिला. पानं झाली अकरा. पहिलंच वाक्य होतं, "ही वेबसाइट प्राण्यांना वाघापासून वाचवण्यासाठी केली आहे." पुढे ती कशी चालते ते लिहिलं. कुठे फसते तेही लिहिलं : "टिटवीला डुलकी लागली, तर ठिपका चुकतो." शेवटच्या पानावर निष्कर्ष होता : "वाघ उपाशी आहे, म्हणजे वेबसाइट चालते."

रिपोर्ट तपासायला कासव सर होते. त्यांची पद्धत सोपी होती. ते रिपोर्ट जमिनीवर ठेवत आणि त्याच्यावर चढून उभे राहत. खिडकीबाहेरचं दिसलं, तर रिपोर्ट पास.

ते केशरच्या रिपोर्टवर चढले. त्यांना टेबलाचा पाय दिसला.

"बाळ," सर सावकाश म्हणाले, "यात भविष्यातील विस्तार कुठे आहे?"

"सर, विस्तार काही करायचा नाहीये. काम पूर्ण झालंय."

"अरेरे! पूर्ण झालेल्या कामाने जाडी येत नाही. राहिलेल्या कामाने येते. जा, जाड करून आण."

"सर, जे केलं ते सगळं लिहिलंय. जे केलंच नाही, ते कसं लिहू?"

"बाकीचे कसं लिहितात?" सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच कुतूहल वाटलं होतं. पण उत्तर येईपर्यंत त्यांना झोप लागली.

केशर फणफणत बाहेर आली. "मी एक ओळही वाढवणार नाही!" ती म्हणाली.

"नको वाढवूस," भाल्या म्हणाला. "तू एवढी वेबसाइट केलीस. रिपोर्टाचं माझ्याकडे लागलं."

आयुष्यात पहिल्यांदा भाल्या फांदीवरून स्वतःहून उतरला. त्याने गेल्या वर्षीच्या मुलांचा ग्रंथालयाचा रिपोर्ट मिळवला. संगणकावर बसला आणि त्याला सांगितलं, जिथे जिथे "ग्रंथालय" असेल तिथे "पाणवठा" कर. जिथे "पुस्तक" असेल तिथे "पाणी" कर. संगणकाने डोळ्याचं पातं लवायच्या आत ते केलं. संगणकाला तहान लागत नाही, त्यामुळे त्याला काहीच खटकलं नाही.

सुतारपक्ष्याचं बाइंडिंगचं दुकान होतं. त्याने टकाटक भोकं पाडली, काळं कव्हर घातलं, सोनेरी अक्षरं ठोकली. कासव सर त्या रिपोर्टवर चढले, तर त्यांना खिडकीच काय, पलीकडच्या डोंगरावरचं देऊळही दिसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी केशरने तो रिपोर्ट पहिल्यांदा उघडला. मधलंच एक पान निघालं. ती मोठ्याने वाचू लागली.

"'प्रत्येक सभासदाला एका वेळी दोन पाणी घरी नेता येतील. पाणी फाटल्यास किंवा त्याची पानं गहाळ झाल्यास दंड आकारला जाईल. दुर्मिळ पाणी पाणवठ्यातच बसून वाचावं.' भाल्या! हे काय आहे?"

"प्रकरण तिसरं," भाल्या म्हणाला.

"पाणी फाटतं?"

"मी वाचलं नाही गं. रिपोर्ट वाचायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही."

केशरची शेपटी रागाने फुलली. "मी परीक्षकांना माझी अकरा पानं दाखवणार. मग मला नापास केलं तरी चालेल!" असं म्हणून तिने अकरा पानांची घडी घातली, शेपटीखाली धरली आणि तरातरा आत गेली. भाल्या जाडा रिपोर्ट उचलून तिच्यामागे धावला.

आत कासव सर बसले होते. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. विद्यापीठाने या वर्षी प्रत्यक्ष उद्योगक्षेत्रातले तज्ज्ञ पाठवायचं ठरवलं होतं.

ते तज्ज्ञ म्हणजे वाघोबा.

केशर जागच्या जागी गोठली. तिच्या शेपटीखाली, सुवाच्य अक्षरांत, वाघोबा उपाशी का आहेत हे लिहिलेलं होतं. खाली तिची सहीसुद्धा होती.

"बसा," वाघोबा म्हणाले. त्यांचा आवाज भुकेने खोल गेला होता. "सकाळपासून जाडे रिपोर्ट बघून डोकं उठलंय. थोडक्यात लिहिलेलं कुणाकडे काही नाही का?"

कासव सरांचा चेहरा उजळला. "आहे ना सर! या मुलीने आधी अकराच पानं लिहिली होती. केशर, आहेत का गं ती जवळ?"

केशरने सरांकडे बघितलं. वाघोबांच्या दातांकडे बघितलं. मग तिने तोंड फिरवलं आणि पहिलं पान तोंडात कोंबलं.

खारच ती. कुरतडणं तिच्या रक्तात होतं. प्रस्तावना गेली, उद्दिष्टं गेली, आकृत्या गेल्या, चाचण्या गेल्या. दोन्ही गाल टम्म फुगले.

"पानं... पानं हरवली, सर!" भाल्या ओरडला. "हा आमचा खरा रिपोर्ट." आणि त्याने जाडा रिपोर्ट धाडकन टेबलावर टाकला.

वाघोबांनी उसासा टाकला. "बरं. ही मुलगी का बोलत नाही?"

"तिच्याकडे कोडिंग होतं, सर."

"अच्छा, अच्छा," वाघोबांनी मान डोलावली. "आणि तोंडात काय आहे?"

"शेंगा, सर. टेन्शन आलं की खाते."

"सर, मी सांगतो," कासव सर मदतीला धावले. म्हणजे बसूनच धावले. "या मुलांनी हे सगळं... खरं तर... वा..."

केशरने डोळे मिटले. सर एकेक अक्षर सावकाश बोलत.

"वा... वा..."

"वापरकर्त्यांसाठी केलंय!" भाल्याने वाक्य पुरं केलं.

सरांना वाटलं, आपल्याला हेच म्हणायचं होतं.

"वेबसाइट चालवून दाखवा," वाघोबा म्हणाले.

भाल्याचं लक्ष भिंतीकडच्या संगणकाकडे गेलं. पडद्यावर हिरवा ठिपका होता आणि खाली टिटवीने मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं : "वाघ कॉलेजात गेलाय. या सगळे!" भाल्याने मागे सरकत सरकत पायाने प्लग उपटला.

"लाइट गेली, सर."

वाघोबांना नवल वाटलं नाही. बाहेरून परीक्षक आले की कॉलेजात लाइट जातेच, हे त्यांना विद्यापीठाने आधीच कळवलं होतं. त्यांनी रिपोर्ट उघडला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे 'पाणी फाटल्यास' म्हणजे काय?"

भाल्याच्या मिशांना घाम फुटला. "ती... तांत्रिक संज्ञा आहे, सर."

वाघोबा घुटमळले. मग खाकरले. "मला माहीत आहे रे. तुला माहीत आहे का, ते बघत होतो."

आता केशरच्या हातात शेवटचं पान उरलं होतं. निष्कर्षाचं. वाघोबा टेबलावरून पुढे वाकले. त्यांच्या गरम श्वासाने तिचे केस उडाले. तिने निष्कर्ष न चावताच गिळला.

"एकच विचारतो," वाघोबा हळूच म्हणाले. आता ते परीक्षकासारखे दिसत नव्हते. "तुमच्या या प्रोजेक्टमुळे हरणं पाण्यावर परत येतील का?"

भाल्याने घाईघाईने शेवटचं प्रकरण उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"भविष्यातील विस्तारात आहे, सर."

वाघोबांनी वाचलं : "'भविष्यात अधिकाधिक सभासद पाणवठ्याकडे आकर्षित होतील.'" त्यांनी ते पुन्हा वाचलं. डोळे पुसले. पैकीच्या पैकी गुण दिले आणि शेरा मारला, "असे विद्यार्थी मिळत नाहीत."

जाताना दारात थांबून ते म्हणाले, "पण हा विस्तार जरा लवकर करा हं, मुलांनो."

ते दिसेनासे झाल्यावर केशर मडकंभर पाणी प्यायली आणि मटकन बसली. आधी तिला रडू आलं. मग त्या रडण्यातूनच असं हसू फुटलं की तिला थांबवता येईना.

"एवढं खरं लिहिलं रे मी," ती म्हणाली, "आणि स्वतःच खाल्लं!"

"चव कशी होती?" भाल्याने विचारलं.

केशरने थोडा विचार केला. "प्रस्तावना जरा कोरडी होती," ती म्हणाली. "चाचण्यांना मात्र दम होता."

भाल्याही हसायला लागला. कासव सरांना विनोद कळला नाही, पण संध्याकाळपर्यंत तेही हसले.

तात्पर्य : मुलांनो, आपण जे काम केलं, ते रिपोर्टात कधीही लिहू नये, कारण परीक्षक कोण येईल, सांगता येत नाही. आणि खरं लिहिल्याशिवाय कुणाला राहवतच नसेल, तर त्याने निदान कागद पातळ वापरावा.