एलबिओच्या झाडाचं पाणी

पाण्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. लग्नाआधी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आंबटपणा मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आणि माझा मुलगा फेर्मिन झाल्यापासून त्याच्या आंघोळीच्या पाण्यात मी आधी कोपर बुडवते, मग थर्मामीटर, मग पुन्हा कोपर. थर्मामीटरवर तरी किती विश्वास ठेवायचा?

तेव्हा माझे सासरे वाल्देमार गुडघ्यांसाठी दायमानच्या गरम झऱ्यांना निघाले आणि जाताना आपलं लाडकं झाड माझ्या हवाली करून गेले, यात मला काहीच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माझ्या नवऱ्याला.

"हिच्याकडे?" दारिओ म्हणाला. "बाबा, ही बाई पोराला एक द्राक्ष देताना त्याचे आठ तुकडे करते."

"म्हणूनच," वाल्देमार म्हणाले.

झाड गांजाचं होतं; आमच्या देशात घरटी सहा लावायला कायद्याने परवानगी आहे. गच्चीवर आणखी पाच होती, सगळी रीतसर सरकारदरबारी नोंदवलेली, दांडगी, उनाड पोरांसारखी वाढणारी. त्यांच्यावर दारिओने रबरी नळीने पाणी मारलं तरी ती कुरकुरत नसत. सहावं मात्र वेगळं. मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला, मातीच्या कुंडीत वीतभर उंचीचं. ते एलबिओचं.

एलबिओ म्हणजे सासऱ्यांचा, लाकडी गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबातला, जन्माचा जोडीदार. गेल्या हिवाळ्यात तो गेला. हे वाण त्याने स्वतः निवडत, जपत तयार केलेलं. थंडीत मूळ झाडाला खोलीत दिव्याखाली ठेवायचा, आजारी माणसासारखं. त्याच्या मुलीने घर रिकामं करताना ते झाड कचऱ्याच्या गाडीत दिलं. सासरे धापा टाकत पोचले तेव्हा गाडी निघाली होती आणि फुटपाथवर एक मोडकी फांदी पडलेली होती. ती त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळून, शर्टाच्या आत धरून घरी आणली. तिला मुळं फुटली त्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायच्या टेबलावरून उठवून अंगणात नेलं होतं. एलबिओचं म्हणून जगात आता तेवढंच उरलं होतं, आणि ते आमच्या अंगणात होतं.

"पाणी तेवढं सांभाळ, पोरी," जायच्या दिवशी ते म्हणाले. "आपल्या नळाचा पीएच आठाच्या वर असतो. आपल्या या बाईला सहा ते साडेसहा लागतो. त्याच्या वर गेला की तिला खाल्लेलं अंगी लागत नाही. रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घ्यायचं, लिंबाचे थेंब टाकायचे, ढवळायचं, मोजायचं. दुसरं काही करू नकोस. दुसरं तिचं तिला कळतं."

आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेला पेनासारखा मीटर त्यांनी माझ्या हातात दिला. मी मनात म्हटलं, वाल्देमार, तुमच्या झाडाला आजवर मिळालं नसेल असं पाणी आता मिळणार आहे.

हे मात्र अगदी खरं ठरलं.

पहिली अडचण फेर्मिनची. दीड वर्षाचं मूल म्हणजे भूकंप आणि पूर यांच्यामधलं काहीतरी असतं. बादली दिसली की उलटी. पातेलं दिसलं की त्यात हात, आणि मग तोच हात तोंडात. मी लिंबू पिळून, मोजून, सहा पूर्णांक दोनवर आणलेलं पाणी दोनदा फरशीवर गेलं. तिसऱ्यांदा त्याने त्यात आपला बूट धुतला. मला झाकणाचं, जड, त्याला न उघडणारं भांडं हवं होतं. आणि कपाटात वरच सासऱ्यांचा जुना पोचे पडलेला थर्मास होता. नवा ते सोबत घेऊन गेले होते.

आता, थर्मास असतो तो मातेच्या गरम पाण्यासाठी; माते म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, तुंबडीत भरून नळीने ओढायचा. त्यात दुसरं काही भरणं म्हणजे चर्चमधल्या तीर्थाच्या भांड्यात मोजे भिजवण्यासारखं आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. मीही इथेच, मिनासमध्येच वाढले. काखेत थर्मास आणि हातात तुंबडी धरून चालायला आम्ही बहुधा सायकलच्या आधी शिकतो. पण पोराची सुरक्षितता आधी. मी थर्मास भरला, बूच घट्ट लावलं आणि शेगडीशेजारच्या उंच फळीवर ठेवला.

सासूबाईंना मी याबद्दल काही बोलले नाही. त्याला कारण होतं. पहिल्या संध्याकाळी मी मीटर पाण्यात धरून बसले असताना निबिया माझ्या खांद्यावरून डोकावल्या होत्या.

"काय करतेस?"

"पाणी मोजतेय."

"लिटरनं मोजतात पाणी," त्या म्हणाल्या. "चार पोरं विहिरीच्या पाण्यावर वाढवली मी. एकदाही मोजलं नाही."

त्यानंतर मी त्या दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत असतानाच मोजायला लागले.

दिनक्रम छान बसला. संध्याकाळी फेर्मिन झोपला की लिंबू, मीटर, थर्मास. सकाळी ऊन चढायच्या आत फेर्मिनला कडेवर घेऊन अंगणात. एका हाताने थर्मास तिरपा करून कुंडीच्या कडेकडेने ओतायचं. तिथे सासऱ्यांनी मातेचा वापरून झालेला चोथा पसरून ठेवला होता, तो पाणी गपकन पिऊन टाकायचा. माझी नजर सगळा वेळ फेर्मिनच्या हातांवर, कारण त्याला एकच ध्यास होता, तो म्हणजे पान ओरबाडून तोंडात घालणं. पाण्याकडे बघायची गरज नव्हती. पाणी मोजलेलं होतं.

पानं माना टाकायला लागली तेव्हा मी घाबरले, पण पद्धतशीर घाबरले. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. पुन्हा मोजलं: सहा पूर्णांक दोन. म्हणजे बहुतेक कमी पडतंय. दारिओने रविवारी ज्या चुलीत मांस भाजलं होतं तिच्यातली चिमूटभर राख मी घातली. सहा पूर्णांक सहा. जास्त झालं. लिंबू. पाच पूर्णांक नऊ. राख. असं मी संध्याकाळभर त्या पाण्याला झोपाळ्यावर बसवलं आणि शेवटी पुन्हा सहा पूर्णांक दोनवर आणून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडली.

"मीटरच बिघडला असेल," दारिओ म्हणाला.

"मीटर बरोबर आहे. मी व्हिनेगरमध्ये तपासला."

"मग व्हिनेगर बिघडलं असेल."

क्लबातल्या म्हाताऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट होता. त्यात गुडघे, हवामान आणि गांजा यांवर रोज चर्चा चाले. मी सुनेच्या नात्याने त्यात होते. मी पिवळ्या पानाचा अगदी जवळून फोटो काढला आणि लिहिलं, "माझ्या एका मैत्रिणीचं झाड आहे. काय झालं असेल?"

पाठवल्यावर मला आठवलं की वाल्देमारही त्याच गटात आहेत.

पहिलं उत्तर त्यांचंच आलं. आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, मागे झऱ्याच्या पाण्याचा खळखळाट. "बिचारीचं झाड. मुळांचं दुखणं दिसतंय. तिला सांग, पाण्याकडे लक्ष दे म्हणावं. आणि आपली बाई कशी आहे?"

मी त्यांना पहिल्या दिवशीचा फोटो पाठवला. हिरवागार. "मजेत," असं खाली लिहिलं.

पाण्याकडे लक्ष दे. मी तर दुसऱ्या कशाकडे बघतच नव्हते. तेव्हा मी ठरवलं की संध्याकाळी एकदा मोजणं पुरेसं नाही. रात्रीतून पीएच सरकत असेल. सकाळी ओतायच्या आधीही मोजायचा.

सकाळी फेर्मिनला उंच खुर्चीत बसवलं, त्याला पावाचा तुकडा दिला, थर्मासातलं पाणी ग्लासात ओतलं आणि मीटर बुडवला. आकडे वेड्यासारखे पळायला लागले. ढवळावं म्हणून मी त्यात बोट घातलं.

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून फेर्मिनने पाव टाकला.

"हळू," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या ओट्याशी आपली तुंबडी भरत होत्या. "फुंकून पी."

"काय पिऊ?"

"तुझं लिंबूपाणी."

मी बोट नळाखाली धरलं.

"अगं, मला काय कळत नाही होय?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाळंतपणानंतर सगळ्याच घेतात. चोरून थर्मासात भरून ठेवतेस, ते मी पहिल्याच दिवशी चव घेऊन पाहिलं. बोलले का काही? सुनेच्या वजनावरून बोलायची माझी रीत नाही. पण गार लिंबूपाण्यानं काही होत नसतं, रोसिना. गरमच घ्यावं लागतं. तुला रात्री पोर झोपू देत नाही, तू दमून गरम करायला विसरतेस. म्हणून सकाळी माझी किटली ठेवते तेव्हा तुझंही गरम करते आणि होतं तिथे ठेवून देते."

"रोज?"

"रोज. उकळी नाही आणत. मातेला लागतं तेवढंच."

मातेला लागतं तेवढंच, म्हणजे जिभेला चटका बसेल पण तुंबडीतला पाला करपणार नाही इतकं. वाळलेला पाला.

"राखेची चव नाही आली तुम्हाला?"

"आली की. म्हटलं इंटरनेटवरचं काहीतरी असेल."

"निबिया," मी म्हटलं, "ते झाडाचं पाणी होतं."

त्यांच्या हातातली नळी तशीच राहिली. "कुठल्या झाडाचं?"

"एलबिओच्या."

सासूबाईंनी वळून शेगडीचं बटण बंद केलं. ते बंदच होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "थर्मासमध्ये गार पाणी कोण ठेवतं गं, पोरी?"

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला माझ्याकडे उत्तर होतं, भूकंप-पुराचं, बुटाचं. पण ते मी एका वाक्यात आधीच सांगायला हवं होतं, आणि त्यांनी आपली मायाही एका वाक्यात सांगायला हवी होती. आम्ही दोघी एकमेकींना इतक्या जपत होतो की त्यात झाड शिजलं.

खरोखरच शिजलं. दारिओने कुंडीतून उपसून पाहिलं तर मुळं शेवयांसारखी मऊ होऊन हाताला लागत होती. एकाच वेळी घरातल्या दोघांनी गरम पाण्याचे उपचार घेतले होते. गुण एकालाच आला.

"गच्चीवरच्या एखाद्याची फांदी लावू," दारिओ म्हणाला. "बाबांना काय कळणार? सगळी सारखीच दिसतात."

"तुझ्या जागी शेजारचा पोरगा आणून ठेवला असता तर मला कळलं नसतं का?" सासूबाई म्हणाल्या.

"कळलं असतं?"

"लगेच. ठेवून मात्र घेतला असता."

पण कोणी हसलं नाही, दारिओसुद्धा. फांदी कोणी लावली नाही. मुळांचा एखादा धागा जिवंत असेल या आशेने मी त्या काडीभोवती नवी माती भरली, सावली केली, आणि कोमट नाही, गार नाही, कोपराने तपासलेलं पाणी चमच्याने घातलं. एलबिओची काडी रोज थोडी थोडी तपकिरी होत गेली. टोकाचं शेवटचं पान बरेच दिवस हिरवं राहिलं, आणि त्या पानापायी मी सासऱ्यांना फोनवर काही सांगितलं नाही. मग तेही गळलं.

वाल्देमार परतले ते काठी काखेत मारून, पोरासारखे चालत. फेर्मिनला त्यांनी उचलून घेतलं, जे गुडघ्यांमुळे त्यांना वर्षभर जमलं नव्हतं. सासूबाईंनी माते भरून त्यांच्या हातात दिली. ते अंगणाच्या दाराकडे वळले आणि आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"हिच्यामुळे काही नाही. पाणी मी तापवलं."

"थर्मासात मी ठेवलं."

"मी विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं."

"आणि ते मैत्रिणीचं झाड," मीच पुढे म्हटलं, "मैत्रिणीचं नव्हतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लिंबू, बूट, राख, किटली, वजन कमी करायचं पाणी. फेर्मिन त्यांच्या मिशा ओढत होता, ते त्याला ओढू देत होते. मग त्यांनी त्याला माझ्याकडे दिलं, अंगणात जाऊन कुंडीशी वाकले, ती काडी दोन बोटांत धरून पाहिली. ती कट्कन मोडली. मोडलेला तुकडा त्यांनी फेकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला.

आत येऊन ते खुर्चीत बसले. माते एव्हाना गार झाली होती. तरी त्यांनी ती नळीतून शेवटपर्यंत ओढली.

"पीएच किती होता?" त्यांनी विचारलं.

"सहा पूर्णांक दोन," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "म्हणजे पाणी बरोबर होतं."

आणि सांगायला लाज वाटते, पण त्या घरात, त्या क्षणी, मला अगदी थोडंसं बरं वाटलं.