एकुलत्या मोज्यांचा विमा

चर्रर्र.

चिकटपट्टी सुटल्याचा आवाज झाला आणि घरातली दुपार दचकली. मी पट्टीचं टोक दातांत धरून तशीच उभी राहिले. आतल्या खोलीत भिंगरीने कूस बदलली, एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा शांत झाली. भिंगरी म्हणजे माझी साडेचार वर्षांची मुलगी. ती झोपलेली असते तेवढा वेळ माझं दुकान उघडं असतं. ती उठली की बंद. त्यामुळे चिकटपट्टी मी नेहमी दुलईखाली फाडते. त्या दिवशी दुलई वाळत होती.

दुकान म्हणजे जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग, एक कपाट आणि मोबाईल. मी ऑनलाइन मोजे विकते. एकेकटे. भिंगरी बाहेर जाताना दोन मोजे घालून जाते आणि परत येताना एक घालून येते. हे फक्त आमच्याच घरात होतं, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. लोक मला उरलेल्या मोज्याचा फोटो पाठवतात, मी त्याच रंगाचा आणि मापाचा जोडीदार विणून पाठवते. दीड वर्षात साडेचारशे मोजे गेले. दोन कुणीही मागितले नाहीत.

भिंगरी झाल्यावर मी नोकरी सोडली होती. त्यानंतर ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर उरलं होतं आणि ते त्या अर्ध्या टेबलावर मावत होतं.

पाकीट बंद केलं तेवढ्यात मोबाईल थरथरला. ज्या संकेतस्थळावर माझं दुकान आहे, त्यांचा निरोप होता.

‘अभिनंदन. आपण आता आमचे विश्वासू विक्रेते झाला आहात. आपल्यावर विश्वास ठेवता यावा, यासाठी येत्या शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत व्यवसायाच्या विम्याचं प्रमाणपत्र जोडावं. न जोडल्यास आपलं दुकान कायमचं बंद करण्यात येईल. आपला दिवस आनंदात जावो.’

तो सोमवार होता.

“त्यात काय,” नवरा म्हणाला. आमच्या लग्नातल्या सगळ्या अडचणी त्याने याच दोन शब्दांनी सुरू केल्या आहेत. “घराचा विमा आहेच की आपला. त्यांनाच फोन कर.”

मी केला. पलीकडचा आवाज फार गोड होता.

“घरात नेमकं काय करता आपण?”

“मोजे विणते.”

“घरच्यांसाठी?”

“नाही, लोकांसाठी.”

“आवड म्हणून?”

इथे ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण गेल्या पाच वर्षांत मला हे कुणी इतक्या आदराने विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “व्यवसाय आहे माझा.”

दहा मिनिटांत पत्र आलं. ‘आपल्या घरात व्यवसाय चालत असल्याचं प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार. व्यवसाय चालणाऱ्या जागेस आम्ही घर मानत नसल्यामुळे आपल्या घराचा विमा आजपासून स्थगित करण्यात येत आहे. प्रामाणिक ग्राहक हीच आमची ताकद.’

सकाळी आमच्या दुकानाला विमा नव्हता. दुपारनंतर घरालाही राहिला नाही.

“त्यात काय,” नवरा म्हणाला, पण या वेळी पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही.

मंगळवारी त्याचा शाळेतला मित्र आला. हा विम्याचा एजंट. लोक त्याला निर्धास्तभाऊ म्हणतात, कारण तो आला की एवढा एकच शब्द मागे ठेवून जातो. त्याने टेबलावर तीन रंगीत पत्रकं मांडली. तिन्हींवर एकच हसणारं कुटुंब होतं. फक्त हप्ता वाढेल तसे त्यांचे दात जास्त दिसत होते.

“वहिनी, निर्धास्त राहा. कवच, महाकवच आणि सर्वंकष महाकवच. यातलं कुठलंही उचला.”

“फरक काय यांच्यात?”

“तुम्ही घरी नसताना चोरी झाली तर कवच. घरी असताना झाली तर महाकवच.”

“आणि सर्वंकष?”

“त्यात सगळं. चोरी कधीही होऊ दे. शिवाय आग, पूर, भूकंप, जमावाचा हल्ला, छपरावर विमान पडणं.”

“आणि भिंगरीने पाण्याचा पेला सांडला तर?”

त्याने पत्रक उलटं केलं, मग आडवं केलं. “घरच्या माणसाने सांडलेलं पाणी नाही येत. पेला विमानातून पडला तर येईल.”

सासूबाई खुर्चीत पेपर वाचत होत्या. पेपर खाली न करता म्हणाल्या, “पेला रोज सांडतो. विमान अजून एकदाही पडलं नाही.”

“म्हणून तर परवडतं ना काकू,” निर्धास्तभाऊ म्हणाला.

पत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत सत्तावीस अपवाद होते. भिंगरी झोपल्यावर मी भिंग घेऊन बसले आणि सगळे वाचले. वाचकांपैकी ज्यांनी आपलं विमापत्र शेवटपर्यंत वाचलं आहे, त्यांनी हात वर करावा. हात वर करताना खांदा निखळल्यास ती दुखापत स्वेच्छेने ओढवून घेतलेली समजण्यात येते. अपवाद अकरावा.

कवच घ्यायचं तर घराबाहेर राहायला हवं होतं. महाकवच घ्यायचं तर घरातच, आणि मग भाजी आणायला बाहेर पडलं की दुकान वाऱ्यावर. राहिलं सर्वंकष. त्यासाठी पाहणी आवश्यक होती.

बुधवारी पाहणी अधिकारी आले. शिडशिडीत, अदबीने बोलणारा माणूस. हातात एक यंत्र, काखेत मोजपट्टी. दाराशी त्यांनी बूट काढले तेव्हा मला दिसलं की त्यांचा एक मोजा काळा आहे आणि दुसरा निळा. मी नजर वर घेतली. पाहणी त्यांची होती.

“मालाचं स्वरूप?”

“मोजे.”

“किती जोड्या?”

“जोड्या नाहीत. त्रेचाळीस मोजे आहेत.”

त्यांनी यंत्रात आकडा घातला. यंत्र कुरकुरलं. “साडेएकवीस जोड्या होतात. हे अर्धी जोडी घेत नाही, मॅडम. आणि मुळात एक मोजा म्हणजे जोडीचं निम्मं नुकसान. म्हणजे तुमचा सगळाच माल निम्मा हरवलेला आहे. आधीच झालेल्या नुकसानीचा विमा निघत नाही.”

“हरवलाय तो लोकांचा. माझा कुठे हरवलाय? आणि उरलेला त्यांच्याच पायात आहे.”

त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे निम्मा माल आपण ग्राहकांच्या पायांत साठवलेला आहे. हे आधी सांगायचं. साठवणुकीची दुसरी जागा धरू. फक्त प्रत्येक ग्राहकाकडून एक पत्र लागेल, की त्यांच्या ताब्यातला मोजा सुस्थितीत असून पाय कोरडा आणि सुरक्षित आहे.”

मला वाटलं, लोक मला वेड्यात काढतील. मी त्रेचाळीस जणांना निरोप पाठवला. चाळीस पत्रं पहिल्या तासात आली. कुणीही कशासाठी म्हणून विचारलं नाही. एकाने ओळखपत्राची प्रत न मागता जोडली होती. एकाने कळवलं, ‘मोजा धुवायला टाकलाय, वाळला की सही करतो.’ एका बाईंनी विचारलं, पाय बघायला कोण येणार आणि किती वाजता, म्हणजे नखं कापून ठेवते. शेवटच्याने डाव्या पायाचं पत्र पाठवलं आणि तळाशी लिहिलं, उजव्याचंही लागत असेल तर तसं सांगा.

अर्ध्या जोडीचं मात्र काही सुटेना. अधिकाऱ्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, झटकलं, पुसलं. शेवटी इकडेतिकडे पाहून हळूच आपला निळा मोजा काढला.

“हे पाहणीत धरू नका. याचा जोडीदार विणून मिळेल का? चार महिने झाले, कार्यालयात पाय टेबलाखाली ठेवून बसतो.”

“मिळेल. पण तुमचा पाय कोरडा आणि सुरक्षित असल्याचं पत्र लागेल.”

त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं आणि खाली शिक्का मारला. त्रेचाळीसचे चव्वेचाळीस झाले. बावीस जोड्या. यंत्राने हिरवी खूण दाखवली.

“पण तो मोजा अजून विणायचाय,” मी म्हणाले.

“नोंदीत आला म्हणजे आला, मॅडम. विणणं तुमच्या सवडीने.”

मग त्यांनी पिशवीतून पिवळ्या चिकटपट्टीचं भलंमोठं रीळ काढलं. घर आणि व्यवसाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, असा नियम आहे. चर्रर्र करत पट्टी दारापासून निघाली, बैठकीच्या खोलीतून गेली, जेवणाच्या टेबलावर चढली, पलीकडे उतरली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचे दोन भाग करून भिंतीला टेकली. अर्थातच भिंगरी उठली.

पट्टीच्या अलीकडे घर, पलीकडे व्यवसाय. ताटं अलीकडे राहिली, गॅस पलीकडे गेला. न्हाणीघरही पलीकडे गेलं, कारण व्यवसायाला पाणी लागतं. अलीकडचा माणूस पलीकडे गेला तर तो अभ्यागत; त्याने वहीत नाव, वेळ आणि भेटीचं कारण लिहायचं. गुरुवारी सकाळी नवऱ्याने लिहिलं, ‘आंघोळ’. सासूबाई रात्रीतून तीनदा जाऊन आल्या होत्या. त्यांनी तिन्ही वेळा भेटीचं कारण ‘वय’ असं लिहिलं होतं. अठरा वर्षांखालील व्यक्तींना पलीकडे सक्त मनाई असल्यामुळे भिंगरीची बादली अलीकडे आणावी लागली आणि तिची जावक वहीत नोंद झाली.

“आणि माझं काय?” मी अधिकाऱ्यांना विचारलं होतं. “मी दिवसातून शंभर वेळा इकडून तिकडे करते.”

“तुमचं सोपं आहे. पलीकडे असाल तेव्हा तुम्ही व्यवसायातली मुख्य व्यक्ती. पडलात, हात मोडला, तर पूर्ण भरपाई.”

“आणि अलीकडे?”

त्यांनी यंत्रावर बोट फिरवलं. “गृहिणी. मूल्य निरंक.”

“हात तोच आहे.”

“हात तोच, मॅडम. बाजू वेगळी.”

“अलीकडे मी जास्त काम करते.”

“ते मला दिसतंय,” ते खरंच हळुवारपणे म्हणाले. “पण रकाना नाही त्याला.”

शुक्रवारी पावणेपाचला प्रमाणपत्र आलं. मी ते संकेतस्थळावर चढवलं आणि टेबलाशी नखं खात बसले. नवरा पट्टीच्या अलीकडून, सासूबाई आपल्या खुर्चीतून मोबाईलकडे बघत होत्या. पाचला दोन मिनिटं कमी असताना निरोप आला. ‘आपण विश्वासू आहात.’

दुकान वाचलं. नवऱ्याने टाळी दिली, पट्टीवरूनच. सासूबाई म्हणाल्या, “चला, चहा ठेव आता,” आणि लगेच पुढे म्हणाल्या, “पलीकडे उभी राहून ठेव हो. चटका बसला तर कामी येईल.”

मी हसले. पण ठेवला पलीकडे उभी राहूनच. एव्हाना मला सवय झाली होती. जड बादली उचलायची तर मी आधी पलीकडे सरकते. स्टुलावर चढायचं तर स्टूल पलीकडे ओढून घेते. काल शिंक आली तीसुद्धा दोन पावलं टाकून मगच दिली. हे वाचून ज्यांना गंमत वाटत असेल, आणि आपल्या घरात अशी काही पट्टी नाही असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी आपल्या घराचं विमापत्र काढून पाहावं, किंवा ते सोडून नुसतं स्वयंपाकघरात डोकावावं. पट्टी आहे. फक्त तिला रंग दिलेला नाही.

चहाला उकळी आली तेवढ्यात भिंगरी बाहेरून धावत आली. पायात एकच मोजा. दुसरा कुठे गेला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. ती पट्टीपाशी कचकन थांबली. तीन दिवसांत ती एवढं शिकली होती.

“आई, तू तिकडे पडलीस तर ते काका पैसे देणार?”

“हो.”

“आणि इकडे पडलीस तर?”

“इकडे नाही देत.”

“आणि मी?”

मी गॅस बारीक केला. पलीकडे तिला सक्त मनाई आहे, म्हणजे तिथे ती पडूच शकत नाही. अलीकडे पडू शकते, पण अलीकडच्या घराला आम्ही प्रामाणिक असल्यामुळे विमा नाही. भिंगरी दिवसातून सरासरी चार वेळा पडते. आज तीन वेळा पडून झालं होतं.

तिने मोज्याचा पाय उचलला आणि अनवाणी पायाने पट्टीवर उभी राहिली. हात पसरलेले, जीभ बाहेर, पूर्ण एकाग्र. एकदा इकडे झुकली, एकदा तिकडे. माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. एक पट्टीच्या अलीकडे गेला, एक पलीकडे राहिला.

“आई, लवकर सांग ना,” ती डुलत म्हणाली. “मी कुठल्या बाजूला पडू?”