पाखडलेले तुरे

गवतातलं आपल्याला कोणी शिकवू नये, असं पारूचं ठाम मत होतं. मुरबाडच्या माळावर गवत कापण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती, आणि दसरा झाला की शिंकण्यातही तीच चाळीस. त्यामुळे मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लेकीचा, वैष्णवीचा फोन आला, तेव्हा पारूने तो अर्धाच ऐकला.

"आये, गवताचे तुरे सुकवून ठेव, रविवारी नेते. त्यातलं नेमकं कुठलं प्रथिन तुला शिंकायला लावतं ते शोधायचंय. पण तू हात लावू नको, बाबाला सांग."

बाबाला कशाला? प्रथिन पारूला ठाऊक होतं. अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रच होतं, डाळी नि शेंगदाण्यांचं. म्हणजे ते दाण्यातच असणार. नाकाला पदर बांधून तिने पाटीभर तुरे आणले, ओटीवर सुकवले. बघते तर सगळ्यावर पिवळी धूळ! लेकीला तिने आजवर न पाखडलेला मूठभर तांदूळ दिला नव्हता. तिच्या साहेबांपुढे ही घाण कशी पाठवायची? सूप घेतलं नि झकास पाखडलं. शिंका अशा सुटल्या, की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार गेल्या आणि गोठ्यातून नवरा, नामा, धावत आला.

"कोनाला हाकलतेस गो?"

रविवारी वैष्णवीने पिशवी उघडली. "आये, यातली पिवळी भुकटी कुठाय?"

"कचरा व्हता तो. पाखडला."

"अगो, ते पराग. शिंका आणणारं प्रथिन त्या भुकटीतच असतं. तीच तर हवी होती."

पारूने माळाकडे बघितलं. तो शुक्रवारीच कापून झाला होता, नवे तुरे आता पुढच्या वर्षीच. "तुझं वरीस फुकट घालवलं मी."

वैष्णवी रागावली नाही. "सकुमावशीच्या बांधावर थोडं गवत उभं हाय ना? चल, कागदावर झाडून घेऊ."

"कागद मीच धरनार," पारू म्हणाली. लेकीने तिच्या नाकावर दोन-दोन मास्क चढवले.

बांधावर वैष्णवी एकेक तुरा वाकवून टिचकी मारी. कागदावर पिवळं पडे, चिमटीपेक्षाही कमी. एक शिंक, की सगळं पार वाऱ्यावर. पारूचं नाक हुळहुळलं. डोळे भरले. तिने श्वास कोंडला.

"काय गो पारू, रडतेस?" बांधावर येऊन उभ्या राहिलेल्या सकुने विचारलं.

पारू हलली नाही. कागदही नाही.

अखेर वैष्णवीने पुडी बांधली, आईचे मास्क काढले, ओढणीने तिचे डोळे पुसले. "झालं, आये. आता खुशाल शिंक."

पारूने तोंड उघडलं, आभाळाकडे बघितलं. तिघीही वाट बघत राहिल्या.

"आता येत नाय गो," पारू म्हणाली.